‘इझुमो’ आपल्याला काय सांगते?

राष्ट्राच्या संरक्षणसिद्धतेला सोयीचे नाव देता येते. समुद्रावरील वास्तव मात्र त्या नावाने बदलत नाही. जपानच्या ‘इझुमो’ या युद्धनौकेची वाटचाल हेच सांगते.

६ ऑगस्ट २०१३ रोजी योकोहामा येथे तिचे जलावतरण झाले. मार्च २०१५ मध्ये ती सेवेत रुजू झाली. लांबी २४८ मीटर आणि सलग सपाट डेक, ज्यावरून एकाच वेळी पाच हेलिकॉप्टरे उड्डाण करू शकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने उभारलेली ती तोवरची सर्वांत मोठी युद्धनौका. तरीही सरकारी दप्तरात तिची नोंद झाली ती ‘हेलिकॉप्टरवाहू विनाशिका’ अशी! राज्यघटनेच्या नवव्या कलमाने युद्धाचा त्याग केलेल्या देशाला ‘विमानवाहू नौका’ हा शब्द उच्चारणेही अवघड होते.

मे २०१७ मध्ये ‘इझुमो’ दीर्घ मोहिमेवर निघाली. दक्षिण चीन समुद्रावर चीन आपला हक्क रेटत असतानाचा तो काळ. जूनमध्ये फिलिपाइन्सच्या सुबिक बंदरात त्या देशाचे अध्यक्ष दुतेर्ते स्वतः नौकेवर आले. जुलैमध्ये बंगालच्या उपसागरातील ‘मलबार’ सरावात भारताची ‘विक्रमादित्य’, अमेरिकेची ‘निमिट्झ’ आणि ‘इझुमो’ एकत्र आल्या. पुढच्याच वर्षी तिची भगिनी नौका ‘कागा’ विशाखापट्टणमला येऊन गेली.

हा जुन्या जपानी साम्राज्यवादाचा पुनर्जन्म तर नव्हे? शंका निराधार नाही. पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या एका विमानवाहू नौकेचे नावही ‘कागा’च होते, आणि जपानी टाचेखाली भरडल्या गेलेल्या देशांची स्मृती पुसली गेलेली नाही. परंतु फिलिपाइन्स त्याच देशांपैकी एक. १९४१ मध्ये तेथे जपानी सैन्य आक्रमक म्हणून गेले होते. २०१७ मध्ये जपानी नौका पाहुणी म्हणून गेली. सामर्थ्य तेच, पण त्यामागील हेतू आणि यजमानाची संमती यांनी त्याचा अर्थ बदलतो.

अखेर डिसेंबर २०१८ मध्ये या दोन्ही नौकांवरून एफ-३५बी लढाऊ विमाने चालविण्याचा निर्णय जपानने घेतला. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकी मरीन दलाचे असे विमान ‘इझुमो’वर उतरलेही. सत्तर वर्षांचा संकोच परिस्थितीने मोडून काढला.

भारताने यातून काय घ्यावे? हिंदी महासागर आपल्या अंगणात आहे. मे २०२० मध्ये मालदीवमधून ६९८ भारतीयांना कोचीला सुखरूप आणणारी ‘जलाश्व’ ही अमेरिकेकडून घेतलेली जुनी नौका होती. हेलिकॉप्टरे, सैनिक आणि मदतसामग्री दूरवर नेऊ शकणाऱ्या मोठ्या स्वदेशी नौकांची योजना मात्र वर्षानुवर्षे कागदावरच रेंगाळली. शेजारी संकटात हाक मारतो, तेव्हा त्याला आश्वासन नव्हे, क्षितिजावर नौका दिसावी लागते. ती त्या दिवशी बांधता येत नाही. आधीच बांधून ठेवावी लागते.