पराभवाचे भाकीत

ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांचा सामना चार दिवसांवर आला की कोलकात्यात एक चमत्कारिक दृश्य दिसू लागते. एरवी कोणत्याही प्रश्नावर एकमत न होणारे दोन्ही संघांचे समर्थक एका बाबतीत मात्र संपूर्ण सहमत असतात : या खेपेस आपण हरणार. बचावफळी कच्ची आहे, परदेशी आघाडीवीराचा गुडघा अजून बरा नाही, प्रशिक्षकाला संघ निवडता येत नाही, पंच कोणाकडे झुकणार हे उघड आहे, ही कारणांची यादीही दोहोंकडे जवळजवळ सारखीच. एका सामन्यात दोन्ही संघ हरू शकत नाहीत, ही साधी अंकगणिती अडचण कोणाच्याही वाटेत येत नाही.

ईस्ट बंगालच्या समर्थकाने असे म्हणावे, यात नवल नाही. २०२० साली हा संघ इंडियन सुपर लीगमध्ये आला. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंतच्या ५ हंगामांत लीगमध्ये या दोघांची १० वेळा गाठ पडली. ९ सामने मोहन बागानने जिंकले आणि एक २-२ असा बरोबरीत सुटला. इतका निर्मळ इतिहास पाठीशी असताना पराभवाचे भाकीत वर्तविण्यास ज्योतिषी लागत नाही. प्रश्न पडतो तो मोहन बागानच्या समर्थकाविषयी. दहापैकी नऊ सामने जिंकलेल्या संघाचा हा पाठीराखा सामन्याच्या आदल्या रात्री इतका व्याकूळ का होतो? ड्युरँड चषकात ऑगस्ट २०२३ मध्ये ईस्ट बंगालने १-० असा, जानेवारी २०२४ मध्ये सुपर कपात ३-१ असा आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा ड्युरँडच्या उपान्त्यपूर्व फेरीत २-१ असा विजय मिळविला, हे तो तुम्हाला तारखांसह सांगेल. आपले नऊ विजय त्याला आठवत नाहीत असे नाही. ते त्याच्या हिशेबात धरले जात नाहीत, इतकेच.

हा हिशेब वाटतो तितका खुळा नाही. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धान्ताचा गाभा असा की, माणूस लाभ आणि हानी एकाच तराजूत तोलीत नाही. शंभर रुपये हरविल्याचे दुःख शंभर रुपये सापडल्याच्या आनंदाहून पुष्कळ मोठे असते. पीटर डॉल्टन आणि जॉर्ज मॅकेरॉन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ साली ब्रिटनमधील हजारो लोकांनी आपल्या मनःस्थितीविषयी भ्रमणध्वनीवर केलेल्या नोंदी फुटबॉलच्या निकालांशी ताडून पाहिल्या. पराभवानंतरच्या तासातील खिन्नता विजयानंतरच्या तासातील आनंदाच्या सुमारे दुप्पट भरली. म्हणजे जिंकण्याची आणि हरण्याची शक्यता समसमान असलेल्या संघाचा समर्थक हा दीर्घ मुदतीत तोट्यातच असणार! तरीही तो दर शनिवारी मैदानावर जातो.

याहून गंभीर निष्कर्ष डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल यांच्या २०११ च्या अभ्यासाचा आहे. त्यांनी अमेरिकन फुटबॉलचे निकाल आणि पोलिसांकडील कौटुंबिक हिंसाचाराच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. जो स्थानिक संघ खात्रीने जिंकेल असे बाजार सांगत होता तो अनपेक्षितपणे हरला, तर पुरुषांनी पत्नीवर वा सहचारिणीवर घरात हात उगारल्याच्या घटना सुमारे १० टक्क्यांनी वाढत. सामना अटीतटीचा होणार असे आधीच ठाऊक असेल, तर पराभव होऊनही अशी वाढ आढळत नसे. दुःख पराभवाचे नव्हते. पराभव आणि अपेक्षा यांमधील अंतराचे होते, आणि त्याची किंमत खेळाशी काडीचाही संबंध नसलेल्या स्त्रीला मोजावी लागत होती. या प्रकाशात पाहिले, तर ‘आपण हरणार’ असे चार दिवस घोकीत राहणे हा एक प्रकारचा विमाच ठरतो. अपेक्षा आधीच खाली आणून ठेवावयाची, म्हणजे पडल्यास लागणार कमी. हप्ता भरावयाचा तो शब्दांत.

परंतु विम्याची ही उपमाही पुरती टिकत नाही. ज्याला खरोखरच विमा उतरवावयाचा आहे, त्याने आपल्या संघाच्या पराभवावर पैसे लावावेत. संघ जिंकला तर आनंद, हरला तर निदान पैसे. केअरी मोअरवेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांपुढे नेमका हाच प्रस्ताव ठेवला, आणि तोही फुकट. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार अनेकांनी तो साफ नाकारला. आपला संघ हरला तर आपल्याला पैसे मिळतील, हा विचारच त्यांना द्रोहासारखा वाटला. तोंडाने पराभव सांगावयाचा, पण खिशाने त्याला दुजोरा द्यावयाचा नाही, असा हा व्यवहार आहे. महाराष्ट्रातील शिक्षकांना तो अपरिचित नसावा. वर्गात पहिला येणारा विद्यार्थी परीक्षेच्या दालनातून बाहेर पडताना ‘पेपर अवघड गेला’ असेच सांगतो. त्यात अंदाज थोडा असतो. दृष्ट लागू नये ही काळजी अधिक असते.

कोलकात्यात या काळजीला इतिहासाचे वजन आहे. १८८९ साली स्थापन झालेल्या मोहन बागानने १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, तेव्हा तो विजय एका क्लबचा राहिला नाही. १९२० साली जन्मलेला ईस्ट बंगाल फाळणीनंतर पूर्व बंगालातून उखडून आलेल्या निर्वासितांचा आधार झाला. नव्या शहरात ज्यांचे काहीच आपले नव्हते, त्यांना ‘आपले’ म्हणता येईल असे ते अकरा खेळाडू होते. ईस्ट बंगाल जिंकल्यास हिलसा आणि मोहन बागान जिंकल्यास कोळंबी महागते, हा तेथील बाजाराचा जुना संकेत पाहुण्यांना कौतुकाने सांगितला जातो. परंतु याच स्पर्धेची दुसरीही बाजू आहे. १९७५ च्या शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने ५-० असा विजय मिळविल्यावर मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने जीव दिला. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात उसळलेल्या दंगलीत १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. तेथे चिंता हा केवळ लटका अभिनय नसतो.

वॉल्टर नील यांनी १९६४ साली व्यावसायिक खेळाचे एक वैचित्र्य दाखवून दिले होते. कापड गिरणीला प्रतिस्पर्धी गिरणी बुडालेली हवी असते; पण मुष्टियोद्धा जो लुई याला तुल्यबळ प्रतिस्पर्धी नसेल, तर त्याला उत्पन्नच नाही. खेळात विकली जाते ती अनिश्चितता. यापुढे एक पाऊल टाकून असे म्हणता येईल की, ही अनिश्चितता क्लब एकट्याने निर्माण करीत नाहीत. तिचा मोठा भाग समर्थकच पुरवितात. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपान्त्य सामन्यास सॉल्ट लेक मैदानावर सुमारे १,३१,००० प्रेक्षक लोटले होते (ईस्ट बंगाल ४-१, बायचुंग भुतियाचे ३ गोल). त्यांपैकी प्रत्येकजण घरून थोडी धास्ती घेऊन आला होता, आणि सामना तिच्यावर उभा होता. प्रक्षेपणाचे हक्क, जाहिराती, तिकिटे या साऱ्यांचे मोल तिच्यावरच ठरते. मात्र क्लबांच्या ताळेबंदात या भांडवलाची नोंद सापडणार नाही.

ज्याची नोंद नाही, त्याची पर्वाही होत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली लीगच्या व्यापारी हक्कांचा १५ वर्षांचा करार केला. त्याची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर लिहिलेले होते. तरीही नूतनीकरण झाले नाही. महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकून पडला आणि जुलै २०२५ मध्ये पुढील हंगाम स्थगित झाला. काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबविले. ‘कोण जिंकणार’ या चिंतेची जागा ‘सामना तरी होणार का’ या चिंतेने घेतली. या दोन चिंतांत महदंतर आहे. पहिलीत माणूस रमतो, मित्रांशी भांडतो, रात्र जागवितो. दुसरीत त्याला करण्यासारखे काहीच उरत नाही.

हा समर्थक प्रसंगी काय करू शकतो, हे ऑगस्ट २०२४ मध्ये दिसले होते. आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर शहर क्षुब्ध असताना सुरक्षेच्या कारणास्तव ड्युरँड चषकातील या दोन संघांचा सामना रद्द झाला. त्या दिवशी दोन्ही संघांचे समर्थक आपापले झेंडे घेऊन मैदानाबाहेर एकत्र जमले आणि न्यायाची मागणी करीत पोलिसांसमोर उभे राहिले. लीगचे भवितव्य ठरविणाऱ्या बैठकांत मात्र त्यांना खुर्ची नव्हती.

जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून १४ संघांची लीग जाहीर केली. ती आखूड स्वरूपाची, ९१ सामन्यांची. म्हणजे प्रत्येक संघाची दुसऱ्याशी एकदाच गाठ. एरवी हंगामात दोनदा होणारा ईस्ट बंगाल-मोहन बागान सामना त्यामुळे लीगमध्ये एकदाच वाट्यास आला. ती घोषणा झाली तेव्हा पराभवाचे भाकीत वर्तविण्याची सोय तरी पुन्हा झाली, म्हणून कोलकात्यात अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.