विश्लेषण : कॅनेडियन आणि अमेरिकी सारखेच, मग ‘५१वे राज्य’ म्हटल्यावर संताप का?

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅनडाला ‘५१वे राज्य’ म्हणायला सुरुवात केली आणि २०२५च्या सुरुवातीला कॅनडात संताप उसळला. अनेक प्रांतांनी सरकारी दुकानांतून अमेरिकी मद्य हटवले. आइस हॉकीच्या सामन्यांत अमेरिकी राष्ट्रगीताची हुर्यो उडवली गेली. दोन्ही देशांत बहुसंख्यांची भाषा एक, सिनेमे आणि खेळही बरेचसे सारखे. मग बिनसते कुठे?

साम्य कुठे?

साम्य देशांपेक्षा प्रदेशांत जास्त दिसते. व्हँकुव्हर आणि सिएटल ही प्रशांत किनाऱ्यावरची शहरे तंत्रज्ञान उद्योग आणि पर्यावरणप्रेमासाठी ओळखली जातात. तेल, गुरांचे मळे आणि रोडिओ यांमुळे अल्बर्टा अनेकदा टेक्साससारखा वाटतो. पूर्वेकडे १९१७च्या भीषण स्फोटानंतर हॅलिफॅक्सच्या मदतीला बॉस्टन धावले होते. त्याची आठवण म्हणून नोव्हा स्कोशिया प्रांत आजही दरवर्षी बॉस्टनला ख्रिसमस ट्री पाठवतो.

फरक कुठे?

फरक आहे तो सरकारकडून असलेल्या अपेक्षांत. सास्काचेवान प्रांताने १९६२मध्ये सार्वजनिक आरोग्य विमा सुरू केला आणि पुढे तो देशभर पोहोचला. त्यामुळे डॉक्टर आणि रुग्णालयाचा आवश्यक खर्च करांतून भागतो. अल्बर्टातला तेल कामगार टेक्सासमधल्या कामगारासारखाच राहत असेल, पण नोकरी गेली म्हणून त्याचे हे संरक्षण जात नाही. अमेरिकेत बंदूक बाळगणे हा घटनात्मक हक्क आहे. कॅनडात त्यासाठी परवाना लागतो. शिवाय क्युबेकची अधिकृत भाषा फ्रेंच आहे. अमेरिकेत असे एकही राज्य नाही.

राजकारणावर परिणाम काय?

जानेवारी २०२५मध्ये जनमत चाचण्यांत लिबरल पक्ष बराच मागे होता. २८ एप्रिलच्या निवडणुकीत मात्र मार्क कार्नी यांच्या नेतृत्वाखाली तोच सर्वांत मोठा पक्ष ठरला. अल्बर्टाने तेव्हाही बहुतेक जागा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षालाच दिल्या. म्हणजे कॅनडातले प्रादेशिक मतभेद मिटलेले नाहीत. परंतु ‘आम्ही अमेरिकी नाही’ यावर बहुसंख्य कॅनेडियन एकत्र आले.

सामान्यांना झळ कशी?

व्हरमाँट आणि क्युबेकच्या सीमेवर १९०४मध्ये सुरू झालेले हॅस्केल ग्रंथालय आहे. सीमारेषा त्याच्या वाचनकक्षातून जाते आणि मुख्य दार अमेरिकेत आहे. शतकभर कॅनेडियन वाचक पदपथावरून सहज तिथे जात. २०२५मध्ये अमेरिकेने त्या वाटेवर निर्बंध आणले. वाचकांना कॅनडाच्या बाजूने आत येता यावे, म्हणून ग्रंथालयाला लोकांकडून देणग्या गोळा कराव्या लागल्या.