भगीरथ प्रयत्न : एका स्वस्त झालेल्या शब्दाचे मोल

(१/७)
‘भगीरथ प्रयत्न’ हा मराठीतील भारदस्त शब्दप्रयोग आज फार स्वस्त झाला आहे. उड्डाणपुलाचे भूमिपूजन असो वा नाल्याची साफसफाई, फलकावर भगीरथ हजर असतोच. या शब्दाचे खरे वजन जाणून घ्यायचे, तर कोल्हापूरकरांनी राधानगरीच्या धरणाकडे पाहावे.

(२/७)
मुळात ही कथा एकट्या भगीरथाची नाही. सगराच्या साठ हजार पुत्रांच्या उद्धारासाठी गंगा पृथ्वीवर आणण्याचा ध्यास आधी अंशुमानाने घेतला, मग दिलीपाने. दोघेही कार्य अपुरे ठेवून गेले. यश तिसऱ्या पिढीला लाभले आणि नावही तिचेच राहिले.

(३/७)
राजर्षी शाहू महाराजांनी १९०७ मध्ये भोगावती नदीवर धरण बांधण्याचा निर्णय घेतला. काम अवाढव्य होते आणि तिजोरी एका संस्थानाची. १९१८ च्या सुमारास पैशाअभावी बांधकाम थांबले. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले, तेव्हा धरण अपुरेच होते.

(४/७)
त्या दिवशी कोणी हिशेब मांडला असता, तर या योजनेला शेखचिल्लीचे मनोराज्य ठरवणे सोपे होते. धरण पूर्णत्वास गेले ते १९५० च्या दशकात. तोवर १९४९ मध्ये संस्थानच विलीन झाले होते.

(५/७)
इंग्रजीत अशा धाडसाला आज ‘मूनशॉट’ म्हणतात. १९६१ मध्ये केनेडी यांनी दशक संपण्याआधी चंद्रावर माणूस उतरवण्याचा संकल्प सोडला. १९६९ मध्ये तो सिद्धीस गेला. तो पाहायला केनेडीही उरले नव्हते. तरी त्या शब्दामागे मुदतीची घाई आहे, भगीरथाच्या शब्दामागे पिढ्यांचा वारसा.

(६/७)
मनोराज्य आणि भगीरथ प्रयत्न यांतील सीमारेषा कर्त्याच्या हयातीतील यशाने ठरत नाही. पुढच्याला जिथून काम उचलता येईल, असे काही मागे उरते का, यावरून ती ठरते. राधानगरीत अर्धी का होईना, भिंत उभी होती.

(७/७)
म्हणून हा शब्द भूमिपूजनाच्या फलकावर शोभत नाही. तो उशिरा, काम पारखून द्यावा. आणि देताना अंशुमान, दिलीप व भिंतीचे दगड वाहणारे अनाम मजूर यांनाही त्यात वाटा द्यावा.