मुंबईत पुढे असलेला क्लार्क
२४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून निघालेली सिडनीपर्यंतची मोटारशर्यत काबूल, दिल्लीमार्गे मुंबईत पोहोचली, तेव्हा इंग्लंडचा रॉजर क्लार्क आघाडीवर होता. तेथून मोटारी ‘चुसान’ जहाजाने ऑस्ट्रेलियास गेल्या. तिथे क्लार्कची मोटार नादुरुस्त झाली. शेवटच्या टप्प्यात आघाडीवरील बियांकी-ओजिए यांच्या सित्रोएनला समोरून आलेली मोटार धडकली आणि हिलमन हंटरमधील अँड्र्यू कोवन विजयी ठरला.

आज सर्वत्र कोवनचेच नाव आढळते. परंतु मुंबई मुक्कामी क्लार्कला अग्रेसर म्हणणारा चुकला नव्हता. शेवट ठाऊक असल्याने आपण आधीच्या नोंदी निरर्थक ठरवतो. कोथरूडच्या खोलीत इतिहास अभ्यासताना मी स्वतःस हेच बजावतो: मित्रांनो, समकालीन नोंद वाचताना निकाल क्षणभर विसरावा.