हात रंगले तर काय बिघडलं?



लग्न ठरलं की इकडे आयर्लंडातही पहिला प्रश्न तोच. मेंदी काढायची का? हिरवा चुडा भरायचा का? तरुण मंडळी म्हणतात, "हे तर हिंदूंचं, आपलं कसं?"

आधी इथलाच इतिहास पाहू या. आठव्या हेन्रीच्या राजवटीत, १५३७ साली, आयर्लंडसाठी एक कायदा झाला. आयरिश लोकांनी इंग्रजांसारखे कपडे घालावेत आणि इंग्रजीच बोलावं. केशरी रंगवलेले सदरे बंद, कपाळावर लोंबणारी दाट झुलपं बंद! राजाला कापडाची कसली भीती? पण जो वेगळा दिसतो तो स्वतःला वेगळा समजतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आज आयरिश सैन्याचे बॅगपाइपवाले केशरी किल्ट घालूनच मिरवतात. तरी २००७ साली इथल्या पोलिसांनी एका शीख स्वयंसेवकाला पगडी घालून काम करू दिलं नाही. पगडीला आणि हिजाबला परवानगी मिळायला २०१९ उजाडलं.

आता आपलं बघा. कोकणात आपल्या आज्या शेजारणींसारखंच लुगडं नेसल्या, गळ्यात मंगळसूत्र घातलं. तरी गावानं आपल्याला 'शनवार तेली' म्हणून वेगळं ओळखलं, कारण शब्बाथला आपला घाणा बंद असे. १९६२ साली इस्राएलात रब्बींनी लग्नाआधी आपल्या वंशाची चौकशी करायला सांगितलं. आपले लोक रस्त्यावर उतरले, आणि १९६४ साली क्नेसेटनं आपण सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहोत असं जाहीर केलं. आता आपणच आपल्या मुलींच्या हातांची चौकशी करायची?

तोरामध्ये मनाई आहे ती अंगावर गोंदण्याला (वयिक्रा १९:२८). मेंदीत सुई नाही, आणि रंग थोड्या दिवसांत उतरतो. यमन आणि मोरोक्कोच्या ज्यूंमध्येही लग्नाआधी मेंदी लागते. मग ती एकट्या हिंदूंची कशी?

तेव्हा मुलींनो, खुशाल हात रंगवा. नको वाटलं तर रंगवू नका, पण लाजून सोडू नका. आणि आई-मावश्यांनो, मेंदी लावताना शनवार तेल्यांची गोष्टही सांगा. ती पोरींना ठाऊक नसेल, तर कुणी "हे काय?" विचारल्यावर त्या काय सांगणार?