यंत्रणा चालू आहे, म्हणून डिस्क नाही!

या महिन्याच्या टपालात एकाच धाटणीची पत्रे आहेत. मिररमधली एक डिस्क गेली, नवीची मागणी केली आणि फाइल शेरा घेऊन परत आली: 'यंत्रणा सुरू आहे. तातडी दिसून येत नाही.' तातडीच्या खरेदीसाठी बिघाड दाखवावा लागतो आणि बिघाड म्हणजे सर्व्हर बंद, असा हिशेब. मग तीन कोटेशने, तुलनात्मक तक्ता आणि पुढच्या बैठकीची वाट.

हा हिशेब साफ चुकीचा आहे. एमडीस्टॅटमध्ये दोन 'यू'ऐवजी एक 'यू' आणि एक अधोरेषा दिसली, की बिघाड झालेलाच असतो. त्यानंतरचा प्रत्येक दिवस उरलेल्या डिस्कच्या भरवशावर, आणि तीही बहुधा त्याच दिवशी बसवलेली, तितकेच तास फिरलेली. रीसिंकमध्ये ती अथपासून इतिपर्यंत वाचली जाते. कित्येक महिने कोणी न वाचलेले खराब सेक्टर नेमके तेव्हाच उघडे पडतात.

सर्व्हर बंद न करता डिस्क बदलण्यात आता नवल राहिलेले नाही. हॉटस्वॅप बे असेल तर फेल, रिमूव्ह, नव्या डिस्कवर पार्टिशन टेबलची नक्कल, अ‍ॅड. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. जुनीत अजून धुगधुगी असेल आणि एखादा बे मोकळा असेल, तर लिनक्स 3.3 पासून रिप्लेसची सोय आहे. नवी पूर्ण भरेपर्यंत जुनी मिररमध्येच राहते.

पण आपल्यातही ढिलाई कमी नाही. एसडीए-एसडीबी ही नावे रीबूटनंतर बदलू शकतात, तरी ट्रेवर सीरियल नंबरची चिठ्ठी नसते आणि धडधाकट डिस्क ओढली जाते. ग्रब एकाच डिस्कवर असतो, ईएफआय पार्टिशनची दुसरी प्रत नसते. एमडीएडीएमचे इशारे रूटच्या मेलबॉक्समध्ये पडून राहतात. डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अ‍ॅरे तपासतो. 'मशीन मंद होते' म्हणून तेही बंद केले जाते.

मित्रहो, नव्या सर्व्हरच्या मागणीपत्रातच तिसरी डिस्क लिहा. पार्टिशन करताना शेवटी थोडी जागा सोडा, म्हणजे दुसऱ्या बनावटीची किंचित लहान डिस्कही चालेल. प्रस्तावात 'डिस्क खराब' एवढेच न लिहिता 'अमुक तारखेपासून माहिती एकाच डिस्कवर आहे' असे लिहा आणि अधिकाऱ्याची पोच घ्या. कपाटात सुटी डिस्क नसेल, तर मागणी आजच लिहायला घ्या.