माऊस सोडा, नाव सांगा!

लोणावळ्याचा पाऊस म्हणजे काय, ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. मोजे चौथ्या दिवशीही ओले आणि धुकं थेट लॅबमध्ये! अशाच एका दिवशी, फर्स्ट इयरला, मी सबमिशनसाठी टर्बो सी उघडून बसलो होतो. सर म्हणाले, "लिंक्ड लिस्ट दाखव."

प्रोग्रॅम मी रात्र जागून स्वतः लिहिला होता. पण फोल्डरमध्ये नोनेम०० पासून नोनेम१४ पर्यंत पंधरा फायली! (नव्या फाईलला टर्बो सी हेच नाव देतं, आणि आम्ही आळशी लोक ते तसंच ठेवतो.) मी माऊसने एकेक उघडतोय, बंद करतोय... नवव्या फाईलला सर शांतपणे म्हणाले, "कुणाचा कॉपी केलास?" काय बोलणार?

दोष टर्बो सीचा नव्हता. टर्बो सी++ हे १९९० सालचं, मुळात कीबोर्डवाल्यांसाठीच बनलेलं. एफ३ दाबा, नाव टाइप करा, एंटर. फाईल हजर! दोन-चार फायली उघड्या असतील तर ऑल्ट धरून खिडकीचा नंबर दाबा. अट एकच, नाव ठाऊक हवं. डॉसमध्ये नावाला आठच अक्षरं मिळतात हे खरं, पण 'लिंकलिस्ट' इंग्रजीत मोजून आठ अक्षरांतच बसतं की राव!

आता बहुतेक जण व्हीएस कोड वापरतात. तिथे कंट्रोल धरून पी दाबायचं आणि नावातली तुटक अक्षरं क्रमाने टाकायची. एल, एस, टी एवढ्यावरही लिंकलिस्ट वर येते. फक्त आधी अख्खं फोल्डर उघडा, एकटी फाईल नको. (नोटपॅडमध्ये मात्र हेच दाबलंत तर प्रिंटची खिडकी येईल, सांगून ठेवतो!) लिनक्सवाल्यांचं व्हिम तर याहून भारी. कोलन, ई, स्पेस, नावाची दोन अक्षरं आणि टॅब, की उरलेलं नाव ते स्वतःच भरतं. इन्क्लूडच्या ओळीतल्या फाईलच्या नावावर कर्सर ठेवून जी, एफ दाबलं तर ती फाईलच उघडते. हे व्हिम ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये लोकांसमोर आणलं. २०२३ मध्ये ते गेले, तोवर ते त्यावर काम करतच होते.

आमचा रूममेट म्हणतो, "दोन सेकंद वाचवून काय दिवे लावणार?" सेकंदांचं सोडा हो. फोल्डरमागून फोल्डर उघडत गेलं की आपण काय शोधत होतो तेच डोक्यातून जातं, हा माझा रोजचा अनुभव. तिकीट खिडकीवर आपण "एक कामशेत" म्हणतो. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव असा पाढा म्हणत बसतो का? पण स्टेशनला नावच नसतं तर काय मागितलं असतं?

म्हणून स्टाफला एक विनंती. जर्नलमध्ये प्रयोगाच्या नावाखाली फाईलचं नाव लिहायला लावा, आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला माऊस बाजूला ठेवून ती फाईल उघडायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. फर्स्ट इयरची पोरं कुरकुरतील, कुरकुरू देत.

आणि हो, माझी लिंक्ड लिस्ट नोनेम११ मध्ये होती. संध्याकाळी सापडली, तोवर सर लोकल पकडून गेले होते.